फळी तितका कंपोनंट: सुतारकामासाठी थ्रीडी शिकताना

गेल्या वर्षी एक छोटं कपाट करायला घेतलं होतं, खाली एक ड्रॉवर आणि वर दोन कप्पे, बस एवढंच. कागदावर स्केच काढलं, मापं टाकली, कटिंगची यादी केली. बाहेरून रुंदी ६०० मिमी, बाजूच्या फळ्या १८ मिमी जाडीच्या, म्हणजे आतून ५६४, म्हणून तळ, माथा आणि कप्पे सगळे ५६४ चे कापले. पण या सगळ्या फळ्या दोन्ही बाजूंच्या खाचेत ६-६ मिमी आत शिरणार होत्या आणि ते यादी करताना सुटलं. कपाट जोडून टेप लावला तर आतून ५५२ भरलं. ड्रॉवर आधीच ५३८ चा करून ठेवलेला, त्याच्या दोन्ही बाजूंना टेलिस्कोपिक चॅनेलसाठी (ज्यांवर ड्रॉवर सरकतो त्या धातूच्या पट्ट्या) १२.७-१२.७ मिमी जागा लागते, ती आता आणायची कुठून? गोंद सुकून गेला होता. ड्रॉवर नव्याने करावा लागला, आणि चांगली प्लाय वाया गेली याचं मला खरंच फार वाईट वाटलं.

त्यानंतर थ्रीडी, म्हणजे कॉम्प्युटरवर लांबी-रुंदी-जाडीसकट वस्तू काढायला, शिकायला बसले.

सुरुवात स्केचअपने केली कारण सुतारकाम करणारे बरेच लोक तेच वापरताना दिसत होते. हे सॉफ्टवेअर २००० साली आलं, २००६ मध्ये गूगलने घेतलं आणि २०१२ मध्ये ट्रिंबल कंपनीकडे गेलं, हे मुद्दाम सांगतेय कारण शिकण्याचे व्हिडिओ या सगळ्या काळातले सापडतात आणि त्यातली बटणं आपल्या स्क्रीनवर नसतात. जुन्या व्हिडिओत ज्याला लेयर म्हणतात त्याला २०२० पासून टॅग म्हणतात. डेस्कटॉपवरचं शेवटचं फुकट व्हर्जन २०१७ चं, त्याच्यानंतर फुकट म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं, आणि त्यात एक्स्टेन्शन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) टाकता येत नाहीत. म्हणून व्हिडिओ बघायच्या आधी तो कधीचा आहे ते बघा, माझे पहिले काही दिवस नसलेली बटणं शोधण्यात गेले.

पहिली मोठी अडचण म्हणजे चिकटणं. एक फळी काढली, तिला टेकून दुसरी काढली आणि दुसरी हलवायला गेले तर पहिली पण तिच्याबरोबर ताणली गेली. स्केचअपमधल्या मोकळ्या रेषा आणि पृष्ठभाग एकमेकांना टेकले की जोडले जातात, तो बिघाड नाहीये, ते तसंच चालतं. त्यावर उपाय एकच, आणि तोच मला या सगळ्या शिकण्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: एक फळी काढून झाली की पुढची रेष मारायच्या आधी तिचा कंपोनंट करायचा, म्हणजे तिच्या सगळ्या रेषा-पृष्ठभागांचा नाव दिलेला एक वेगळा तुकडा. आयत काढा, पुश-पुलने (पृष्ठभाग ओढायचं किंवा ढकलायचं टूल) जाडी द्या, तीनदा क्लिक करून अख्खी फळी सिलेक्ट करा, जी दाबा, नाव द्या. 'डावी बाजू', 'तळ', 'कप्पा'. मग ती फळी फळीसारखी वागते, म्हणजे उचलता येते, बाजूला ठेवता येते, दुसरीला चिकटत नाही.

हे ऐकायला अगदी साधं वाटतं पण इथेच डोक्यातला विचार बदलतो. मी आधी कपाटाचा आकार काढत होते, म्हणजे एक मोठा खोका करायचा आणि त्यात आतून पोकळी पाडायची. दिसायला हुबेहूब कपाट, पण त्यातून कापायला काहीच मिळत नाही, कारण खऱ्या कपाटात पोकळी पाडलेली नसते, तिथे फळ्या असतात आणि त्या एकमेकींत शिरलेल्या असतात. स्क्रीनवर पण जितक्या फळ्या तितके कंपोनंट हवेत आणि ज्या क्रमाने आपण जोडणार साधारण त्याच क्रमाने ते काढावेत असं माझं मत झालंय.

मग तेच फसलेलं कपाट पुन्हा काढायला घेतलं. तळाची फळी खाचेत जाणाऱ्या भागासकट काढायची म्हणजे ५७६, एक्स-रे मोड लावला, म्हणजे फळ्या आरपार दिसायला लागल्या, की ती बाजूच्या फळीत ६ मिमी घुसलेली स्पष्ट दिसते. बाजूची फळी एडिटला उघडायची, तळाच्या फळीच्या कडेवरून खाचेच्या रेषा मारायच्या, पुश-पुलने ६ आत ढकललं की खाच तयार. आणि उजवी बाजू? ती वेगळी काढलीच नाही, डावीची कॉपी करून फ्लिप केली, कंपोनंट तोच असल्यामुळे डावीत खाच पाडली त्याच क्षणी उजवीतही ती आरशात पडल्यासारखी उमटली. ते बघून मला इतका आनंद झाला की मी दोन-तीन वेळा अनडू करून परत पाडून बघितली! ड्रॉवरची जागा मोजली, ५६४, त्यातून २५.४ वजा. जे कागदावर सुटलं होतं ते इथे सुटायला जागाच नव्हती, कारण फळी खाचेत शिरलेली डोळ्यांना दिसत होती.

एकसारखी अंतरं पाडायची असतील तर मूव्ह टूलमध्ये कंट्रोल दाबून शेवटची कॉपी ठेवायची आणि लगेच भागाकाराचं चिन्ह आणि ४ टाइप करायचं, मधल्या जागेचे चार समान भाग होतात. कप्प्यांना, पट्ट्यांना फार उपयोगी आहे हे. दिशा लॉक करायला कीबोर्डवरचे बाण, स्क्रीनवरच्या तीन रंगीत अक्षांसाठी: उजवा लाल, डावा हिरवा, वरचा निळा. वर्तुळ मात्र खरं गोल नसतं, न सांगता काढलं तर २४ बाजूंचं असतं, बिजागरीच्या ३५ मिमीच्या कपसाठी चालून जातं पण मोठ्या गोल टेबलाला बाजू वाढवून घ्याव्या लागतात.

कटिंग लिस्टसाठी डेस्कटॉप व्हर्जनमध्ये ओपनकटलिस्ट नावाचं फुकट एक्स्टेन्शन आहे. ते प्रत्येक कंपोनंट मोजतं, सारखे एकत्र करतं आणि २४४० बाय १२२० च्या शीटवर कसे बसतील ते काढून देतं. त्याला करवतीची जाडी सांगायला विसरू नका, माझ्या ब्लेडची साधारण ३ मिमी जाते, एका शीटमध्ये आठ काप आले तर २४ मिमी भुसा झाला. आणि ग्रेनची, म्हणजे लाकडाच्या रेषांची, दिशा. कंपोनंटचा स्वतःचा लाल अक्ष फळीच्या लांबीकडे आहे ना ते आधी तपासा, नाहीतर दरवाजाची फळी आडव्या ग्रेनने कापायला सांगेल.

एवढं येऊनही एका ठिकाणी अडले. १८ ची म्हणून आणलेली प्लाय व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायचं साधन) मोजली तर १७.४ निघाली. १८ च्या खाचेत ती ढिली बसणार. म्हणजे प्रत्येक फळीची जाडी, प्रत्येक खाच आणि त्यावर अवलंबून असलेलं प्रत्येक माप बदलायचं, आणि स्केचअपमध्ये ते एकेक करून हातानेच करावं लागतं. तेव्हा फ्रीकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळले. ते पॅरामेट्रिक आहे, म्हणजे माप आकड्याने न देता नावाने देता येतं. त्यात स्प्रेडशीट असते, एका खान्यात प्लायची जाडी लिहायची, त्याला नाव द्यायचं आणि सगळीकडे ते नाव वापरायचं. १८ चे १७.४ केले की फळ्या आणि खाचा आपोआप बदलतात. फ्यूजन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पण पॅरामीटरची (नाव दिलेल्या मापांची) यादी करून हेच जमतं.

पण फ्रीकॅड शिकायला जड आहे, हे आधीच सांगते. स्केचमधल्या प्रत्येक रेषेला बंधन द्यावं लागतं, ही आडवी, हे दोन बिंदू एकत्र, ही लांबी इतकी, आणि सगळं बांधलं गेलं की स्केच हिरवं होतं. पहिल्या आठवड्यात एक साधी फळी हिरवी करायला मला अर्धा तास लागायचा. जुन्या व्हर्जनमध्ये आधीची पायरी बदलली की पुढच्या खाचा भलत्याच पृष्ठभागावर जाऊन बसायच्या, नोव्हेंबर २०२४ च्या १.० पासून ते बरंच सुधारलंय. आता मी कल्पना सुचली की स्केचअपमध्ये पटकन काढते आणि जे खरंच करायचं ठरतं ते फ्रीकॅडमध्ये. दोन्ही शिकावीत का? खोकी-कपाटंच करायची असतील तर स्केचअप पुरे. एकच डिझाइन वेगवेगळ्या मापात परत परत करणार असाल तर फ्रीकॅडवर वेळ घालवा.

एक गोष्ट मात्र दोन्हींना कळत नाही. लाकूड. मॉडेलमध्ये ३०० रुंदीची सॉलिड फळी कायम ३०० च राहते, खरी फळी हवेतल्या ओलाव्याने रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत जवळपास नाहीच. स्क्रीनवर पॅनल फ्रेमच्या खाचेत घट्ट बसलेलं छान दिसतं आणि तसंच केलं तर पॅनल फुगून फ्रेमचे सांधे उघडतं. म्हणून मी मॉडेलमध्येच पॅनल रुंदीच्या दोन्ही बाजूंना २-३ मिमी लहान काढते आणि कंपोनंटच्या नावात 'सैल, गोंद नाही' असं लिहून ठेवते, म्हणजे जोडताना घाईत विसरायला नको.

सध्या खुर्ची चालू आहे. मागचे पाय वाकडे, सीट पुढून रुंद मागे अरुंद, म्हणजे बाजूच्या पट्टीचा टेनन (दुसऱ्या लाकडाच्या भोकात शिरणारं टोक) काटकोनात नाही. हा कोन कागदावर काढायला मी घाबरत होते म्हणून इतकी वर्षं खुर्ची केलीच नाही. आता मॉडेलमधून त्या पट्टीचं वरून दिसणारं चित्र खऱ्या मापात प्रिंट करते, शेजारी १०० मिमीची एक रेष, ती पट्टीने मोजून बरोबर भरली तरच कागद वापरायचा. काल तो कागद लाकडावर चिकटवून पहिला टेनन कापला, पटाशीने त्याचा खांदा (टेननच्या बुडाशी असलेली पायरी) साफ केला, आणि रद्दी लाकडाच्या पायात घालून बघितला. बसला. आता खऱ्या पायात मॉर्टिस, म्हणजे टेनन बसायचं भोक, पाडायची आहे.