मोबाईलमध्ये दिसते, तरी पंच काहून पाहत नाही?

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू झाली की गावोगावी कबड्डीचे रात्रीचे सामने लागतात आणि फायनलनंतर एक प्रश्न हमखास येतो. "मोबाईलमध्ये साफ दिसून रायलं ना जी, मग पंच काहून पाहत नाही?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सगळं सांगतो.

बोनसचंच, म्हणजे चढाईत रेषा ओलांडून मिळणाऱ्या जादा गुणाचंच घ्या, भांडणं जास्त त्यावरच होतात. पुरुषांच्या मैदानात बोनस रेषा मध्यरेषेपासून 4.75 मीटरवर असते. समोर किमान सहा गडी हवेत. चढाईपटूचा एक पाय रेषेपलीकडे टेकला पाहिजे आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत पाहिजे. मागच्या पायाचा अंगठा मातीला घासत असला तरी बोनस नाही. हे रेषेच्या सरळीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून पंच चढाईसोबत बाजूरेषेवर सरकतो आणि नजर पावलांवर ठेवतो. तुमचा व्हिडिओ कोपऱ्यातून, खुर्च्यांच्या मागून काढलेला असतो. तिरकस पाहिलं की हवेतला पाय रेषेपलीकडे टेकल्यासारखा दिसतो. साध्या व्हिडिओत सेकंदाला 30 चित्रं असतात. अंगठा उचलण्याचा नेमका क्षण दोन चित्रांच्या मधेच निसटतो. हॅलोजन दोनच खांबांवर असले तर पायाची लांब सावलीही रेषेवर पडते.

रेषेचंही तेच. रेषा आखायची पांढरी भुकटी, म्हणजे फक्की, दुसऱ्या सामन्यापर्यंत पुसट होते, काळ्या मातीत तर पहिल्याच पकडीत उधळते. पांढरी नवारपट्टी ताणून ठोका, मात्र खिळ्याची टोपी मातीत पुरती दबली पाहिजे, नाहीतर तळवा फाटतो. मंडळं मंडपावर खर्च करतात आणि पट्टीला पैसे नाहीत म्हणतात. याचा मला खरोखर राग येतो.

पण समजा कॅमेरे उत्तम आहेत, मग वाद मिटतो का? 7 ऑक्टोबर 2023, हांगझोऊ, आशियाई स्पर्धेतली पुरुषांची फायनल, भारत विरुद्ध इराण. गुण 28-28, वेळ संपत आलेली. भारताचा पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणालाही स्पर्श न होता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, उतरला. त्याला धरायला इराणचे बचावपटूही मागोमाग लॉबीत. आता झटापट झाल्याशिवाय लॉबी खेळात धरत नाहीत. जुन्या नियमाने स्पर्शाशिवाय लॉबीत गेलेला प्रत्येक गडी बाद, मग तो कोणत्याही संघाचा असो. प्रो कबड्डी लीगमधल्या नियमाने बाद फक्त चढाईपटू. लॉबीत कोण गेलं हे पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. तरी गुण दिले, बदलले, पुन्हा बदलले. एकदा हा संघ हरकत घेऊन बसला, एकदा तो. जवळपास तासभर खेळ थांबला. शेवटी भारत 33-29 ने जिंकला. आपण जिंकलो म्हणून आपल्याकडे विषय लवकर थंडावला. निकाल उलटा लागला असता तर आजही आपण तेच फुटेज नाचवत असतो. चित्र एकच होतं, नियम दोन होते. गावात तर नियम कोणता हे सामन्याआधी कर्णधारांना कोणी विचारतही नाही.

पूर्वी मी म्हणायचो, शिट्टी वाजली की विषय संपला. दोन पंचांचं जुळलं नाही तर सरपंच ठरवेल, म्हणजे गावचा नव्हे, सामन्याचा मुख्य पंच, त्याच्यावर कोणी नाही. आता तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही. जर्सीला बोट लागलं तरी तो स्पर्शच असतो आणि हात धरून उभ्या बचावपटूंच्या साखळीआडचा असा स्पर्श पंचाला न दिसता पलीकडच्या मोबाईलमध्ये खरोखर पकडला गेलेला असू शकतो. मग त्या पोराचा गुण का जावा? पण एकाचा व्हिडिओ पाहिला की दुसरा दहा मोबाईल घेऊन येतो, आणि यजमान गावाकडे मोबाईल नेहमीच जास्त असतात. पाहुण्या संघाचं काय?

व्हिडिओ हवाच असेल तर बोनस रेषांच्या चारही टोकांना नको, निदान एकाच बाजूने दोन्ही बोनस रेषांच्या सरळीत दोन मोबाईल स्टँडवर पक्के लावा, गुडघ्याच्या उंचीवर. ते गुणलेखकाच्या ताब्यात राहतील. प्रत्येक संघाला एकच हरकत आणि लॉबीचा नियम कोणता, हे नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांच्या सहीने लिहून घ्या. असं केलंत तर पंचाने व्हिडिओ पाहायला माझी हरकत नाही. खुर्च्यांमागून काढलेला मात्र दाखवू नका.