‘डोस्कं चालवू नको’ म्हणणारा मालक कसा लिहावा

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातल्या नाटकात मालगुजार (गावचा सारा गोळा करणारा जमीनमालक) आला की मिशी, चाबूक आणि आरडाओरड ठरलेलीच. दिवाळीनंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, प्रयोग रात्रभर चालतो, आणि हा मालक प्रेक्षकाला पहिल्याच अंकात पाठ होतो. ओरडण्याची भीती दहा मिनिटं पुरते. हाताखालच्याला विचारच करू न देणारा माणूस उभा करायचा, तर त्याचे हुकूम नीट लिहावे लागतात.

दोन पुरेत. सुटे घेतले तर दोन्ही शहाणपणाचे वाटावेत, एकत्र आले की माणूस अडकावा. भादव्यातला तलाव घ्या. धान गर्भात आहे, पुढं पाणी लागणार, म्हणून मालकानं सांडव्यावर, म्हणजे तलावाचं जादा पाणी जायच्या वाटेवर, वीतभर मातीचा बांध घालून घेतला. तलावाचं पाणी सांभाळणाऱ्या पाणकराला पहिला हुकूम : या मातीला हात लावायचा नाही. दुसरा : रात्री वाड्याचं दार वाजवायचं नाही. मग पाऊस येऊ द्या.

इथं लिहिणारे हमखास तुडूम उघडायला लावतात. चूक. तुडूम म्हणजे शेताला पाणी सोडायचं छोटं दार. तेवढ्याशा तोंडातून पूर निघत नाही, तो सांडव्यानंच जातो. सांडवा अडला की पाणी पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या भिंतीवर चढतं, पलीकडच्या उतारावरची माती खात उतरतं आणि पाळ फुटते. तलावकाठच्या प्रेक्षकाला हे सांगावं लागत नाही, चुकलं तर मात्र तो तिथंच हसतो. वीतभर माती ओढायला फावडं पुरे. पाणकर ते फावडं धरून नुसता उभा राहू द्या.

त्याला बावळट करू नका. केलात की लोक त्यालाच हसतात आणि मालक सुटतो. खेकड्याच्या बिळातून पाळीला लागलेला पाझर तो अनवाणी पायानं ओळखतो, हे आधीच्या प्रवेशात दिसू द्या. मालकालाही खरं कारण हवं : मागल्या साली एकानं स्वतःच्या बुद्धीनं तुडूम उघडलं आणि शेवटच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, सुकल्या. म्हणून तो पान लावत, आवाज न चढवता विचारतो, “इचार कराले खंडीभर धान देतो का तुले?”

काळ सांभाळा. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. ‘मामा’ तलाव म्हणजे माजी मालगुजारी. त्यानंतर सांडव्याचा हुकूम मालगुजाराच्या तोंडी शोभत नाही.

आजचं नाटक असेल तर धान खरेदी केंद्र घ्या. ओलाव्याची मर्यादा १७ टक्के. साहेबाचा हुकूम एवढाच : मीटर दाखवेल तेच लिही. धान तपासणाऱ्या ग्रेडरला दिसतंय की नमुना पोत्याच्या तोंडाचा, रात्रीच्या दवात भिजलेला. आतला दाणा दाताखाली कटकन मोडतो. शेतकरी समोर उभा, वही उघडी. ग्रेडर दाणा थुंकतो आणि १९ लिहितो.