वाढदिवस आला की रंगकाम!

आज नेरुळला दादाकडे जमलो होतो. वहिनीची थालीपीठं तव्यावर आणि इकडे डिस्नीवेड्या मंडळींचं नेहमीचं भांडण: जगभरातल्या डिस्नीलँड पार्कांपैकी देखभाल कुठल्याची भारी? पुतण्या पॅरिसवाला. "आत्या, 1992 चा पार्क, पण तिशीच्या आधी अख्खा किल्ला कसा नव्यासारखा केला बघ!" म्हटलं, अरे, वाढदिवस आला म्हणून रंग? तेवढं तर आपल्या सोसायटीतही गणपतीच्या तोंडावर होतं.

मी कट्टर टोकियोवाली. 1983 चा पार्क, आणि मालकी डिस्नीची नाहीच. ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी परवाना घेऊन चालवते. तिथले सफाईवाले ओला झाडू फिरवून जमिनीवर मिकी काढतात. कान, नाक, हसू, सगळं पाण्याने. उन्हात बघता बघता वाळतो, म्हणजे पुसायचंही काम नाही! जिथे झाडूवाल्याला एवढी हौस, तिथे कठड्याचा रंग उडालेला राहील होय?

2025 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मूळ पार्कची सत्तरी, हाँगकाँगची विशी. त्यावरही वाद झालाच. शेवटी दादा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "विमानाचं तिकीट कोण काढतंय ते आधी ठरवा."

थालीपीठं मात्र बिनविरोध संपली.