न झालेल्या राजधानीत एक सकाळ

नवी मुंबईतल्या बेलापूर स्थानकातून मी पायीच कोकण भवनाकडे निघालो. विभागीय आयुक्तांचे कार्यालय येथेच असल्याने सकाळपासून फायली सांभाळत आलेल्या माणसांची वर्दळ असते. राज्य कारभाराचा एवढाच तुकडा खाडी ओलांडून आला, हे येथे उभे राहिल्यावर प्रकर्षाने जाणवते.

मूळ कल्पना केवढी तरी मोठी होती. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६४-६५च्या सुमारास नव्या शहराचा प्रस्ताव मांडला, तेव्हा सरकारने आपले सचिवालय पलीकडे न्यावे, म्हणजे त्यामागोमाग नोकऱ्या आणि माणसेही जातील, हा त्याचा कणा होता. १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा, ९५ गावांचा प्रदेश तिच्याकडे आला. गुजरातने गांधीनगर वसवून राजधानी तेथे नेली. आपले मंत्रालय मात्र जागचे हलले नाही, उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कचेऱ्यांचे मनोरे चढत गेले. मुंबईचा भार हलका करण्याची ती खरी संधी होती आणि ती आपण घालवली, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे शहर वाढले ते १९७३चा खाडीपूल, घाऊक बाजारांचे स्थलांतर आणि १९९२ मध्ये वाशीला पोहोचलेली लोकल यांच्या बळावर.

पारसिक डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये मी बराच वेळ रेंगाळलो. कोरियांनी येथे सात-सात घरे एका छोट्या चौकाभोवती मांडली आणि शेजाऱ्याशी भिंत सामाईक ठेवली नाही, जेणेकरून ऐपतीप्रमाणे प्रत्येकाला घर वाढवता यावे. आज कित्येक उतरत्या छपरांच्या जागी मजले चढले आहेत, तरी चौक शाबूत आहेत. एका चौकात पापड वाळत होते आणि शेजारीच मुलांचा क्रिकेटचा डाव रंगला होता.

बेलापूर गावात शिरल्यावर शहराची दुसरी बाजू दिसते. शहरासाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जासईच्या परिसरात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. गावठाणाबाहेर भूमिपुत्रांनी गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला. आखीव सेक्टरांना खेटून उभी असलेली ती घरे पाहतच मी मेट्रो स्थानकाकडे वळलो.