दोन जास्तीची मापं आणि वायमारची एक दुपार

जर्मनीत एर्फुर्टला गाडी बदलली की वायमार जेमतेम पंधरा मिनिटांवर. खिडकीशी बसता बसता भाच्याने विचारलं, "मावशी, लोक इथे गटेचं घर बघायला येतात. आणि तू एका कंडक्टरसाठी आलीस?"

शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचलेल्या जर्मन कवी गटेची गोष्ट मीही शाळेत ऐकली होती. पण मला वायमारला ओढलं ते पेटर ग्युल्के या माणसाने: वाद्यवृंद चालवणारा कंडक्टर, आणि जुन्या स्वरलिपींचा अभ्यासक. पुण्यात माझी 32 वर्षं मुद्रितशोधनात गेली. हाताखालून गेलेल्या पुस्तकांत राहून गेलेल्या चुका मला आजही पानासकट आठवतात. ग्युल्के हे नाव मला भेटलं ते अशाच एका चुकीच्या निमित्ताने.

बीथोवनची पाचवी सिंफनी 1808च्या डिसेंबरात व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. पुढच्या वर्षी लाइपझिगच्या ब्राइटकॉफ उंट हेर्टेल या प्रकाशकांनी ती छापली. तिच्या तिसऱ्या भागात दोन मापं जास्तीची पडली. माप म्हणजे स्वरलिपीत दोन उभ्या रेघांमधलं लयीचं घर. ऑगस्ट 1810मध्ये बीथोवनने प्रकाशकांना पत्र लिहून ही दोन मापं काढायला सांगितलं. ती तशीच राहिली. 1827मध्ये बीथोवन गेला, तरी चूक छापील प्रतीत होतीच. 1846मध्ये ते पत्र उजेडात आल्यावर ती निघाली. म्हणजे 36 वर्षं! वाचताना माझ्या पोटात अक्षरशः गोळा आला होता.

ग्युल्के इथे थांबले नाहीत. त्यांचा प्रश्न पुढचा होता: ही मापं मुळात आली कुठून? बीथोवनच्या हस्तलिखितात हा भाग ट्रिओसकट, म्हणजे मधल्या वेगळ्या तुकड्यासकट, पुन्हा वाजवायची खूण आहे. पुनरावृत्तीकडे नेणारी मापं वेगळी, पुढे नेणारी वेगळी. छापताना पुनरावृत्ती गेली आणि दोन्ही शेवट एकापुढे एक बसले. मग नुसती मापं काढून भागेल का? पुनरावृत्तीच परत आणायला हवी, असा ग्युल्केंचा निष्कर्ष. 1970च्या दशकाच्या अखेरीस लाइपझिगच्या पेटर्स प्रकाशनासाठी त्यांनी सिद्ध केलेल्या आवृत्तीत ती आहे. पुढे जोनाथन डेल मार यांनी आपल्या आवृत्तीत ती नाकारली. बीथोवनने स्वतःच नंतर ती सोडून दिली, असं त्यांचं मत. वाद अजून आहे. चौथ्या आणि सातव्या सिंफनीत बीथोवनने हाच आराखडा वापरला आहे, म्हणून माझं मन ग्युल्केंकडे झुकतं. आणि कानही. तो भाग दोनदा गर्जून झाला की मगच तंतुवाद्यांची दबकी टिचकी येते. तेव्हा ती शांतता जास्त खोल वाटते.

स्टेशनवरून सरळ उतारावर चालत आम्ही थिएटर चौकात आलो. समोर गटे आणि त्याचा कविमित्र शिलर यांचा जोडपुतळा, मागे राष्ट्रीय नाट्यगृह. दारं बंद होती. या नाट्यगृहाचा वाद्यवृंद आपला उगम 1491पर्यंत मागे नेतो. 1981मध्ये ग्युल्के त्याचे प्रमुख संगीत संचालक झाले. जन्मही याच गावातला, 1934चा. इथे चेलो हे गजाने वाजवायचं मोठं तंतुवाद्य शिकले; 1958मध्ये लाइपझिगला 15व्या शतकातल्या बर्गंडीच्या गाण्यांवर डॉक्टरेट केली; मग रुडोल्श्टाट, श्टेंडाल, पोट्सडाम, श्ट्रालझुंट अशा लहान गावांची थिएटरं, आणि पुढे ड्रेस्डेनचा ऑपेरा. सकाळी तालीम, रात्री प्रयोग, आणि मधल्या वेळात जुनी हस्तलिखितं. दोन वर्षांत, 1983मध्ये, ते पूर्व जर्मनी सोडून पश्चिमेला गेले. जन्मगावातलं सर्वोच्च पद मागे टाकून. त्या पायऱ्यांवर मी बराच वेळ बसले. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने असं उठून जाणं काय असेल, याचा विचार करत.

पुढचं आयुष्यही तसंच दुपेडी. वुपर्टालला दहा वर्षं वाद्यवृंद, फ्रायबुर्ग आणि बाझलला अध्यापन, 2014मध्ये एर्न्स्ट फॉन सीमेन्स संगीत पुरस्कार, आणि एक्याऐंशीव्या वर्षी ब्रँडेनबर्गच्या वाद्यवृंदाची जबाबदारी, ती पाच वर्षं.

इल्म नदीकाठच्या बागेत एका बाकावर बसून मी भाच्याला एक इअरफोन दिला. शूबर्टच्या शेवटच्या सिंफनीचा संथ भाग. 1828च्या शरदात, मरणाच्या काही आठवडे आधी शूबर्टने तिचा कच्चा आराखडा लिहिला, पियानोच्या स्वरलिपीसारखा. कुठलं वाद्य कुठे, याच्या खुणा तुरळक. त्याच कागदांवर काउंटरपॉइंटचे, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या सुरावटी गुंफण्याचे, धडेही गिरवलेले. हा आराखडा व्हिएन्नात इतर अपुऱ्या सिंफन्यांच्या कागदांसोबत एकाच गठ्ठ्यात पडून होता. 1970च्या दशकात ते कागद वेगळे ओळखले गेले. ग्युल्केंनी तो वाद्यवृंदासाठी उतरवला आणि ड्रेस्डेनच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतला. पेन आणि छडी एकाच हातात असल्याशिवाय हे झालं नसतं, असं मला मनापासून वाटतं. वाचणाऱ्याला शंका पडते. ती वाजवून पाहायची सोय क्वचितच कुणाकडे असते.

"म्हणजे हे शूबर्टचं की ग्युल्केचं?" भाच्याने विचारलं.

मला नाथ आठवले. शके 1506मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीतले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि तीत स्वतःची ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणं, असं बजावलं. ग्युल्केंपुढचं काम मात्र वेगळं होतं. वाद्यं ठरवल्याशिवाय शूबर्टचे ते सूर ऐकूच येणार नव्हते. हे मी भाच्याला सांगायचा प्रयत्न केला. तो गप्प राहून पुढचं ऐकत राहिला.

परतताना संगीत विद्यालयाच्या इमारतीवरून गेलो. एका उघड्या खिडकीतून चेलो ऐकू येत होता. चार-पाच सुरांची एक ओळ, पुन्हा पुन्हा, दर वेळी एकाच जागी अडकणारी.

"मावशी, गाडीला वीस मिनिटं आहेत."

"थांब रे," मी म्हटलं, "एवढी ओळ सुटू दे."