टिबुकलीचं घरटं

"बाबा, वल्हं थांबवा ना!" लेक इतक्या दबक्या आवाजात म्हणाली की आधी मला कळलंच नाही.

आमची कायाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, तळ्याकाठच्या लव्हाळ्यापाशी आली होती. समोर कुजक्या पाणगवताचा ढीग तरंगत होता. मला तो कचराच वाटला. तेवढ्यात त्यावर बसलेली टिबुकली, एक इवलंसं पाणपाखरू, उठली, चोचीने चार-दोन ओल्या काड्या घाईघाईने ओढल्या आणि बुडी मारून दिसेनाशी झाली.

"घरटं रिकामंच आहे," धाकटा म्हणाला.

"रिकामं नाहीये. अंडी झाकून गेलीये ती."

खरंच होतं लेकीचं. टिबुकली घरटं सोडताना अंडी ओल्या पाणगवताने झाकते. मुळात पांढरी असलेली अंडी त्या गवताच्या डागांनी तपकिरी होत जातात. नर-मादी आळीपाळीने साधारण २० दिवस ती उबवतात, तीही अशा तरंगत्या, लव्हाळ्याला अडकवलेल्या घरट्यात.

आम्ही वल्हं न मारता, हातांनीच पाणी सारत मागे आलो. पलीकडे शेकाटे पक्षी आपल्या लांबलचक गुलाबी पायांवर चिखल टोचत फिरत होते, पण दुर्बीण कुणीच तिकडे वळवली नाही. टिबुकली परत येऊन बसेपर्यंत बायकोने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

चहूकडे वाळवंट आणि मधे एवढंच पाणी. आम्ही संध्याकाळी गाडीत बसून निघालो. तिने कुठे जायचं?

सकाळपासून त्याच कडेने आम्ही दोन फेऱ्या मारल्या होत्या, हसत-खिदळत. तेव्हाही तिला असंच उठावं लागलं असेल का?