पाण्यात पाहणं

एखाद्याचा मनापासून दुस्वास करणं याला मराठीत ‘पाण्यात पाहणं’ म्हणतात. माझ्या घरच्या काचेच्या टाकीतल्या चार एंजलफिशना दुसरीकडे कुठे पाहायची सोयच नाही. सकाळी दिवा लागल्यापासून रात्री तो मालवेपर्यंत बिचारे पाण्यातच पाहत असतात. त्यांच्यासमोर कुणाला आणून सोडायचं, एवढंच काय ते माझ्या हातात. आणि त्या बाबतीत मी इतक्या वेळा तोंडघशी पडलोय की आता अधिकारवाणीने बोलायला हरकत नाही.

सुरुवातीला एंजल सहा होते, शर्टाच्या बटणाएवढे. त्यांच्या सोबतीला दहा निऑन टेट्रा. त्यांची झुंड वळली की पाण्यातून कुणी निळा-लाल दोरा ओढत नेतंय असं वाटायचं. मी अभ्यास करून निवड केली होती, हे मुद्दाम सांगतो. दोघंही अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले, दोघांनाही मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं. एका नदीचं पाणी प्यायलेले म्हणजे आपसांत जमवून घेतील, असा माझा हिशेब. त्या खोऱ्याचा पसारा सुमारे ७० लाख चौरस किलोमीटरचा आहे. एवढ्या मोठ्या घरात कोण कुणाला खातं याची आधी चौकशी करावी, हे काही मला सुचलं नाही.

माझी भाची तेव्हा नुकती अंक मोजायला शिकली होती. आली की काचेला नाक लावून निऑन मोजायची. पहिले चार-पाच महिने हिशेब चोख लागला. मग एकदा म्हणाली, “मामा, नऊच आहेत.” लपला असेल गं कुठेतरी, मी म्हणालो. पुढच्या खेपेला आठ. मी फिल्टर उघडला, लाकूड हलवून पाहिलं, उडी मारून बाहेर पडला असेल म्हणून टाकीमागे बॅटरीचा झोत टाकला. काही नाही. मग एके सकाळी दिवा लावला तर सगळ्यात मोठ्या एंजलच्या ओठांतून एक लालसर टोक बाहेर आलेलं. एंजल शांतपणे तरंगत होता. चेहऱ्यावर तोच निष्पाप भाव, जो पाहून मी त्याला घरी आणला होता.

भाचीला सांगितलं की निऑन माझ्या मित्राकडे राहायला गेलेत. तोवर उरलेले सहा खरोखरच मित्राच्या टाकीत नेऊन सोडले होते, त्यामुळे मी साठ टक्के तरी खरं बोललो.

घात केला तो नावाने. देवदूताचं नाव मिरवणारा मासा शेजाऱ्याला गिळेल असं कुणाच्या मनात येणार? त्याचं शास्त्रीय नाव टेरोफायलम. हेकेल या शास्त्रज्ञाने १८४० मध्ये ठेवलेलं हे नाव पंख आणि पान या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून झालंय. जर्मन लोक त्याला शिडासारख्या परांचा मासा म्हणतात. पंख, पान, शीड, देवदूत. सगळे त्याच्या रूपावर भाळले, कुळाची चौकशी कुणी केली नाही. कूळ आहे सिक्लिड. ऑस्कर आणि तिलापिया हे याचे भाऊबंद. जागेवरून भांडणं आणि पोरांसाठी जीव टाकणं हे या कुळाच्या रक्तातच आहे. अंगावरचे ते देखणे उभे काळे पट्टेसुद्धा नटण्यासाठी नाहीत. संथ पाण्यात बुडालेल्या फांद्या आणि देठांमध्ये तो उभा राहिला की पट्ट्यांमुळे दिसेनासा होतो. समोरून काही लहानसं पोहत आलं तर त्याला तो दिसत नाही, आणि पुढचं आपण जाणतोच.

मोठ्याने लहानाला गिळायचं याला आपल्याकडे मात्स्यन्याय म्हणतात आणि राज्य बुडालं की तो माजतो असं सांगतात. टाकीत तो एरवीही चालू असतो आणि त्याचं एकच कलम आहे. तोंडात मावतो तो खाऊ, मावत नाही तो शेजारी. पूर्ण वाढलेला एंजल साधारण १५ सेंटिमीटर लांब होतो, आणि वरखालचे पर धरले तर लांबीपेक्षा उंचीच जास्त भरते. निऑन वाढून वाढून साडेतीन-चार सेंटिमीटर, तोही शेवग्याच्या फुलासारखा नाजूक. आणताना बटण आणि दोरा शेजारी शेजारी शोभत होते. त्यातलं बटण वाढणार आहे हे लक्षात घ्यायला हवं होतं. सोबती निवडायचा तो आज दिसणाऱ्या माशासाठी नाही, वर्षभरानंतरच्या माशासाठी.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. तोंडात मावणार नाही असा, चपळ, स्वतःची काळजी घेणारा मासा हवा म्हणून टायगर बार्ब आणायचं ठरवत होतो. तेवढ्यात मित्राची टाकी पाहिली. त्याच्या एंजलच्या पोटाखालचे दोन लांब तंतू, जे एरवी मिशांसारखे डौलात लोंबतात, ते अर्ध्यावर तुटलेले होते. पाठीवरच्या पराला करवतीचे दाते पडल्यासारखं दिसत होतं. बार्ब काही त्याला खायला उठले नव्हते. समोर काहीतरी लांब आणि लोंबतं हळूहळू हलतंय, तर ओढून पाहू, एवढाच त्यांचा उद्देश. गर्दीत कुणाच्या पदराला मुद्दाम हात लावणाऱ्यांचा असतो तसा. एंजल वळून धावून जाईपर्यंत ते पार पलीकडच्या टोकाला. बार्ब मोठ्या झुंडीने ठेवले तर आपसांतच खोड्या काढत बसतात असं म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण चार बोटं लांबीचा पदर सोडून फिरणाऱ्याच्या घरात मी तो प्रयोग करणार नाही. सर्पी टेट्राही त्याच वळणाचे. बरी गोष्ट एवढीच की मुळापासून इजा झाली नसेल तर पर पुन्हा वाढतात. मित्राच्या एंजलचे वाढले, अर्थात बार्बना बाहेरचा रस्ता दाखवल्यावर.

बाकीच्या उमेदवारांचा निकाल लवकर लागला. गोल्डफिशला थंड पाणी हवं आणि एंजलला २५ ते २८ अंश. म्हणजे एकाला सुख दिलं की दुसऱ्याला ताप. गप्पीला जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी मानवतं, आणि त्याची पिल्लं म्हणजे एंजलच्या दारात रोज येणारा डबा. बेट्टाचे पर एंजलइतकेच लांब आणि डोकं त्याहून गरम. डिस्कस जमतो, पण त्याला पाणी आणखी ऊबदार लागतं आणि जेवायची घाई नसते. एंजल तोवर ताट साफ करून मोकळा होतो.

मन जडलं ते कोरीडोरसवर. बोटभर लांबीचा, अंगावर चिलखत, तोंडाला मिशा. सारा दिवस तळाची वाळू उपसत फिरणार. मधेच एखादा रॉकेटसारखा सरळ वर जातो, पृष्ठभागावरून हवेचा घोट घेतो आणि तितक्याच वेगाने खाली येतो. ही हवा त्याच्या आतड्यात शोषली जाते. माणसं पोटातली हवा जिरवायला काय काय करतात, याने तिच्यावर श्वास घ्यायची सोय करून ठेवलीय. शिवाय तो डोळा मारतो. म्हणजे पापणी नाही, पण बुबुळ खाली फिरवतो आणि बघणाऱ्याला वाटतं, आपल्याला इशारा केला. हे मासे सहाच्या आत ठेवू नयेत, एकटे पडले की कोपऱ्यात बसून राहतात. एंजल मधल्या मजल्यावर राहतो आणि कोरी तळमजल्यावर, त्यामुळे जिन्यात गाठ पडत नाही. कोरी टाकीतली घाण खातो हा मात्र निव्वळ गैरसमज. वरच्यांनी सांडलेल्यावर त्याने जगावं असं म्हणणाऱ्यांना मी सांगतो की त्याच्यासाठी तळाशी बुडणारा वेगळा खाऊ टाका.

काचेवरचं शेवाळ खायला सकर आणणार होतो. बाजारात तो बोटाएवढा असतो, पुढे हाताएवढा होतो. शिवाय वय वाढलं की काही सकरांना शेवाळाचा कंटाळा येतो आणि रात्रीच्या अंधारात ते झोपलेल्या एंजलच्या सपाट अंगाला चिकटून त्यावरचा बुळबुळीत थर ओरपतात. एवढं ऐकलं आणि त्याऐवजी ब्रिसलनोज आणला. हा १२-१५ सेंटिमीटरवर थांबतो. नराच्या नाकावर काटेरी झुडूप उगवतं आणि त्यामुळे तो कायम नुकताच उठल्यासारखा दिसतो.

मधल्या मजल्यावर जरा वर्दळ हवी म्हणून शेवटी काँगो टेट्रा आले. आठेक सेंटिमीटरचे, इंद्रधनुषी अंगाचे, स्वभावाने भित्रे. हे थेट आफ्रिकेतले. मध्ये अख्खा अटलांटिक महासागर. एकाच नदीतल्या निऑनला एंजलने गिळलं, आणि ज्याच्याशी सात पिढ्यांत संबंध नाही त्या काँगोच्या माशाशी तो शहाण्यासारखा वागतो. माझ्या अभ्यासाची यापेक्षा चांगली फजिती कुणी केली नसती.

एवढं सगळं जुळवून आणल्यावर मी निश्चिंत झालो आणि तेव्हाच भांडण लागलं. ते लागलं एंजलमध्येच. सहांपैकी दोघांचं जमलं. एंजलमध्ये नर कोण, मादी कोण, हे अंडी घालायची वेळ येईपर्यंत भल्याभल्यांना ओळखता येत नाही, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. या जोडप्याने फिल्टरची पांढरी नळी चोचीने घासूनपुसून लखलखीत केली आणि तिच्यावर ओळीने अंडी चिकटवली. मग दोघं आळीपाळीने परांनी वारा घालत बसले. वाचताना हे सगळं गोड वाटतं. प्रत्यक्षात त्या दोघांनी अडीचशे लिटरच्या टाकीचा दोन तृतीयांश भाग ताब्यात घेतला. उरलेले चार एंजल, काँगोंची अख्खी झुंड आणि सगळे कोरी हीटरजवळच्या कोपऱ्यात, लोकलच्या दारात उभं राहावं तसे. कुणी एक हात पुढे आलं की कल्ले फुगवून अंगावर. दोन नर तर ओठांत ओठ अडकवून रेटारेटी करत होते.

आणि रात्री दिवा मालवल्यावर मी ज्यांना इतकं सज्जन म्हणून मिरवलं ते कोरी अंधाराचा फायदा घेऊन नळीपाशी गेले. सकाळी नळी पुन्हा पांढरीशुभ्र. आईबापांनी स्वतःच अंडी खाल्ली असण्याची शक्यताही नाकारता येत नाही, पहिलटकर एंजल तसं करतात. पण कोरीच्या डोळा मारण्याला त्या दिवसापासून मी जरा वेगळा अर्थ लावतो.

नदीत अशी भांडणं होत नसतील असं नाही. पण तिथे हरलेला निघून जातो. दहा हात लांब गेला की जिंकणारा मागे वळतो, अंडी सांभाळायची असतात त्याला. टाकीत हरलेला दहा हात लांब कुठे जाणार? तो काचेपर्यंत जातो आणि तिथून परत जिंकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतो. समोर आहे म्हणून पुन्हा मार खातो. माझ्या लेखी शेजारी निवडण्यातली निम्मी अडचण इथे आहे. स्वभाव जुळतात की नाही हे आपण फार बघतो, आणि न जुळल्यास निघून जायला जागा आहे का, हे विसरतो.

दोन एंजल मी मित्राला दिले. मग अर्धी टाकी रिकामी करून लाकडाचे ओंडके आणि दगड वेगळ्या जागी मांडले, म्हणजे कुणाची जुनी हद्द कुणाला आठवू नये. मधोमध व्हॅलिसनेरियाच्या उंच पाती लावल्या, पार पृष्ठभागापर्यंत पोचतील अशा दाट. माझा हेतू एवढाच, की या टोकाच्याला त्या टोकाचा दिसू नये. महिन्याभरात मारामाऱ्या चांगल्याच कमी झाल्या. स्वभाव कुणाचाच बदलला नव्हता. पाण्यात पाहण्याची सोय तेवढी मी काढून घेतली होती.

भाची आता मोठी झालीय, पण मोजायची सवय गेली नाही. परवा संध्याकाळी आली, अंधारातच टाकीपुढे बसली. खोलीतला दिवा लावलेला नव्हता, टाकीतला तेवढा चालू.

“मामा, नवीन आणलास? पाच एंजल आहेत.”

“चार आहेत गं.”

“पाच. तो बघ, उजवीकडच्या काचेजवळ दोघं.”

जाऊन पाहिलं. मोठा एंजल, तोच तो निऑनवाला, बाजूच्या काचेला तोंड लावून उभा होता. कल्ले फुगवलेले, पट्टे काळेभोर झालेले. काचेतला एंजलही तसाच फुगून त्याच्याकडे बघत होता. याने मान वळवली की तो वळवायचा, हा पुढे सरकला की तो पुढे यायचा. मागे हटायला कुणीच तयार नव्हतं.

मी खोलीतला दिवा लावला. काचेतला नाहीसा झाला. आमचा थोडा वेळ तिथेच उभा राहिला, मग पातींच्या आडून हळूहळू वर आला आणि खाऊ टाकतो त्या कोपऱ्यात जाऊन थांबला.